पाण्याची हाळी

अंथुर्ण्याच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा दरवर्षी नववीला एक निबंध घालावा लागे. विज्ञान, शाप की वरदान. पोरं तो डोळे मिटून लिहायची. आधी वीज, रेल्वे आणि दवाखाने, मग अणुबॉम्ब आणि धूर, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: विज्ञान चांगलं की वाईट, हे आपण त्याचा वापर कसा करतो यावर अवलंबून आहे. मी बरोबरची खूण करायची आणि पुढची वही ओढायची. पुढेपुढे मला त्या वाक्याचा राग यायला लागला. इतका, की एकदा शिक्षकांच्या खोलीत मी सरळ म्हणाले, हा विषय आता बंद करा. मुख्याध्यापक हसले. म्हणाले, "बाई, उन्हाळा बाधला की काय तुम्हाला?"

बाधलाच होता. नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा मला असा बाधला, की अजून उतरलेला नाही.

आमचं घर निमगाव केतकीपासून जरा आत, मळ्यात. सकाळी डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायचं, बारामतीकडे जाणारी एसटी धरायची आणि अंथुर्ण्याला उतरायचं, हा माझा रोजचा क्रम. मळ्यात एक विहीर होती आणि त्या विहिरीवर तीन घरं जगत होती. पहिलं आमचं. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, आई, थोरला भाऊ आणि मी. दुसरं काकीचं. काका म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ, तो मी लहान असतानाच वारला. काकीला मूलबाळ नव्हतं. वाटणीत आलेल्या तुकड्यावर ती एकटी राहायची. तिसरं घर आबांचं. त्यांच्याकडे पूर्वी मेंढरं असत. तरुणपणी कळप घेऊन कोकणात उतरून आलेला माणूस. मेंढरं विकून ते शेतीला लागले होते. विहिरीची निम्मी जागा त्यांच्या बांधात होती, म्हणून त्यांचाही वाटा.

पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. दोन दिवस आमचे, एक काकीचा, एक आबांचा, की पुन्हा आमचे. मोटर सगळ्यांत मिळून एक. विहिरीतलं पाणी वर हौदात पडायचं, हौदातून पाटानं निघायचं, आणि ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या वावराच्या तोंडाशी मातीचं दार मोडून ते आत घ्यायचं. इथवर सगळीकडे असतं तसंच. आमच्याकडे वेगळी होती ती हाळी.

पाळी संपली म्हणून खोरं खांद्यावर टाकून कुणी घरी जायचं नाही. आधी आपलं दार मातीनं बुजवायचं. मग बांधावर उभं राहून पुढच्याच्या घराकडे तोंड करून ओरडायचं, "पाणी सोडलंऽऽ!" पलीकडून "धरलंऽऽ!" असा जबाब येईपर्यंत जागचं हलायचं नाही. आणि हाळी आली नसेल तर पुढच्यानं आपलं दार मोडायचं नाही, मग पाणी डोळ्यांदेखत दुसरीकडे जावो. आजोबांच्या काळात या पाण्यावरून बांधावर कोयते निघाले होते. आमच्या घरातल्या एकाची बोटं गेली होती. त्यानंतर आमच्या आणि आबांच्या घरच्या जाणत्यांनी विहिरीच्या काठावर बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि ही रीत घातली. तिची कुठं लिखापढी नव्हती, आणि ती कधी मोडल्याचंही मी ऐकलं नव्हतं.

काकीच्या बाबतीत या हाळीला आणखी एक अर्थ होता. तात्या तिचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर तिनं कधी तोंड उघडलं नाही. ते ओसरीवर बसलेले असले की ही पदर पुढे ओढून मागच्या दारानं यायची. काही सांगायचं तर आईमार्फत, नाहीतर माझ्यामार्फत. तात्याही तिच्याकडे मान वर करून बघत नसत. पण पाळीचं काम कुणामार्फत होत नाही. आमचे दोन दिवस संपले की तात्या बांधावरून हाळी द्यायचे आणि पलीकडून काकीचा खणखणीत आवाज यायचा, "धरलंऽऽ!" एरवी जिचा शब्द चुलीपलीकडे जात नसे, तिचा आवाज अख्ख्या मळ्याला ऐकू जायचा. आवाजावरून तात्यांना कळायचं, आज हिला ताप आहे, आज ही माहेराहून उशिरा आली, आज बरी आहे. मग ते घरी येऊन आईला म्हणायचे, "तिकडं जरा जाऊन ये." एवढंच त्या दोघांचं जन्माचं बोलणं, आणि त्यांना तेवढं पुरत होतं.

काकीचा पानमळा होता. आमच्या निमगावची खाऊची पानं लांबलांबच्या बाजारात जातात. पण पानमळा करणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. शेवरी आणि पांगाऱ्याच्या सावलीत पानवेली चढवायच्या, बांधायच्या, उतरवायच्या. त्यांना पाणी फार लागत नाही, पण वेळेवर लागतं. एक पाळी चुकली तर वेल मान टाकते. आणि पानमळ्यात चप्पल घालून जायचं नाही. कुणीच नाही. मोठा व्यापारी आला तरी कुडाच्या ताटीबाहेर बूट काढून आत येई. काकीच्या पानमळ्याच्या तोंडाशी नेहमी दोनचार जोड पडलेले असायचे, देवळाबाहेर असतात तसे. आत पाऊल टाकलं की भर मे महिन्यातही गार वाटायचं. गावातल्या लग्नाची, पूजेची, सुपारी फोडण्याची पानं काकीकडून जायची.

मी जुन्याची आरती ओवाळणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. आजीच्या हाताला जात्यानं पडलेले घट्टे मी बघितलेत. विजेच्या दिव्याखाली अभ्यास केला म्हणून मास्तरीण झाले, नाहीतर बांधावर बसले असते. त्यामुळे कुणी पूर्वीचं सगळं कसं छान होतं असं सांगू लागलं की मला चीड येते. पण नवीन आलं की त्याला आधी हार घालायचा आणि मग ते काय करतंय ते बघायचं, ही आपली सवय मला त्याहून जास्त चीड आणते.

लाईट तेव्हा आपल्या मर्जीनं यायची. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी मध्येच. ती आली की विहिरीवर जाऊन मोटर चालू करावी लागे. एकदा तात्या अंधारात असे गेले आणि त्यांना पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. भावानं त्यांना फटफटीवर मध्ये बसवून बारामतीला नेलं. वाचले. पण भावानं तेव्हाच मनाशी ठरवलं. त्यानं बारामतीला वायरमनचा कोर्स केलेला होता, हात हुशार होता, आणि बापावर जीव होता. पुढच्या महिन्यात त्यानं ऑटो आणला. भाकरीच्या डब्याएवढी पेटी. ती स्टार्टरला जोडली की लाईट येताच मोटर आपोआप सुरू होते. कुणी उठायला नको, अंधारात जायला नको.

मला तेव्हा भावाचा अभिमान वाटला. आजही मी त्याला दोष देत नाही. बापाला दुसऱ्यांदा पान लागू नये असं वाटणं यात काय चुकलं? आई तर त्या पेटीला हळदीकुंकू लावून आली. भावाला घरोघरची बोलावणी येऊ लागली आणि वर्षभरात आमच्या डीपीवरच्या जवळजवळ सगळ्या मोटरींना त्याच्या हातचा ऑटो बसला. डीपी म्हणजे खांबावरचा तो मोठा विजेचा डबा, ज्याच्यावरून सगळ्या मळ्यांना लाईट जाते.

त्याच सुमाराला आबांच्या मुलानं बोअर घेतली. परमुलखातली मोठी गाडी आली, दिवसभर जमीन थरथरत राहिली आणि पांढरा चिखल उडाला. बोअरला पाणी लागलं. आबांनी विहिरीवरची आपली पाळी सोडून दिली. पाटावर मला भेटले तेव्हा म्हणाले, "आता कुणाची वाट बघाय नको बग. बटन दाबलं की पाणी." मी म्हटलं, "बरं झालं आबा." ते म्हणाले, "व्हय, बरंच झालं." आणि काठीनं मातीत रेघा ओढत उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या काकीची हाळी आता मला येणार न्हाय." विहिरीचं पाणी त्या वर्षी पायऱ्यांच्या पायऱ्या खाली गेलं. ते बोअरमुळं गेलं असं कुणी म्हटलं नाही. आबांशी भांडण कोण काढणार?

आता विहिरीवर दोनच घरं राहिली, आम्ही आणि काकी.

मे महिन्याची सुट्टी लागली. एके दिवशी सकाळी मी काकीकडे गेले तर घराला कडी. बघते तर ती पाटाच्या कडेला खोरं मांडीशी घेऊन बसलेली. पाट भरून वाहत होता. तिच्या पानमळ्याच्या दारावरून पाणी पुढे आमच्या उसाकडे चाललं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"काकी, आज पाळी कुणाची?"

"माझी हाय की."

"मग पाणी तिकडं कसं चाललंय?"

"हाळी कुठं आलीया?"

मला क्षणभर काही उमजेना. मग सगळं लक्षात आलं. पहाटे कधीतरी लाईट आली, ऑटोनं मोटर सुरू केली. काल आमची पाळी होती, त्यामुळे दार आमचं उघडं. दार बुजवायला तात्या उठलेच नव्हते, कारण उठायची गरजच राहिली नव्हती. पाणी आपलं कालच्याच वाटेनं चाललं होतं.

"अगं, तात्या घरी चहा पितायत. मोटर आपोआप लागलीय. तू मोड की दार!"

"ते मला ठावं हाय. पर तेंचं दार उघडं हाय. तेनी बुजवून हाळी दिल्याबिगर मी कसं मोडू?"

"असं किती दिवस चाललंय?"

ती खोऱ्याच्या दांड्यावरून हात फिरवत राहिली. मी आत पानमळ्यात बघितलं. कडेच्या वेलींची पानं पिवळी पडून लोंबत होती.

मला इतका संताप आला की मी तिच्या हातातलं खोरं ओढलं. तिनं सोडलं नाही. म्हणाली, "तू शिकलेली हायस, तू मोडशील. उद्या आणि कोण मोडंल. बेलभंडारा उचलल्याला हाय, बाय."

मी तशीच बांधाबांधानं पळत आमच्या उसात गेले. आत पाय ठेवला तर घोट्यापर्यंत चिखल. दिवसामागून दिवस तिथं नको तेवढं पाणी मुरलेलं होतं. उसाच्या खालच्या अंगाला जमिनीवर पांढरी खपली धरली होती, भिंतीला पोपडा धरतो तशी. पुढे दोनतीन वर्षांत ती पट्टी पार खारावली आणि तिथं गवतही उगवेना, पण तेव्हा मला ते कळलं नाही. मी हातांनी चिखल ओढून दार बुजवलं, बांधावर चढले आणि जन्मात पहिल्यांदा हाळी दिली, "पाणी सोडलंऽऽ!"

काकी समोरच होती, मला दिसत होती. तरी तिनं उभं राहून, तोंड आमच्या घराकडे करून जबाब दिला, "धरलंऽऽ!"

तिनं दार मोडलं. पाणी पानमळ्यात शिरलं, पहिल्या ओळी भिजल्या, आणि विहिरीवरून मोटरचा कोरडा घरघराट आला. विहीर तळाला गेली होती. तिच्या पाळीतलं पाणी आमच्या उसानं पहाटेच पिऊन टाकलं होतं.

घरी येऊन मी भांडले. चिखलानं भरलेल्या पायांनी ओसरीवर उभी राहून भांडले. तात्या ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तिनं घ्यायचं की मोडून. आमी काय नको म्हणलो का?"

"ती कशी घेईल? तुम्ही हाळी दिलीत का?"

त्यावर भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला, "मी तिला येगळी मोटर बसवून देतो. तिचा ऑटो तिला. मग कुणाच्या हाळीचा संबंधच न्हाय." तो हे मनापासून म्हणत होता. त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर एक पेटी होती. एका विहिरीत दोन मोटरी सोडल्यानं पाणी दुप्पट होत नाही, हे त्याला मी काय सांगणार? आणि ती पानमळ्यापाशी कशाची वाट बघत बसली होती, ते तर कुठल्याच पेटीत मावणारं नव्हतं.

पण तात्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला ऑटो काढून ठेवायला लावला. आमच्या दोन दिवसांच्या पाळीनंतर ते स्वतः उसाशी गेले, दार बुजवलं, बांधावर उभे राहिले आणि हाळी दिली. सापानंतर त्यांचा आवाज बारीक झाला होता. पलीकडून लगेच "धरलंऽऽ!" आलं, जणू ती तोंडाशी शब्द धरूनच बसली होती. तात्या आत आले आणि आईला म्हणाले, "आवाज बसलाय तिचा. जरा जाऊन ये." आई डोळे पुसत गेली. मला वाटलं, निभावलं.

काकीनं दार मोडलं, पाणी घेतलं, आणि थोड्या वेळानं लाईट गेली. संध्याकाळी लाईट परत आली तेव्हा आमची सोडून सबंध डीपीवरच्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या. पूर्वी लाईट आली की कुणी जेवत असायचं, कुणी गुरं बांधत असायचं. एकेक जण विहिरीवर पोचायचा आणि एकेक मोटर लागायची. माणसाच्या पायांना वेळ लागतो, त्या वेळात डीपी तग धरायची. आता कुणाचाच पाय मध्ये नव्हता. मोठा आवाज झाला, खांबावर जाळ दिसला आणि काळा धूर निघाला. डीपी जळाली.

तालुक्याला माणसं गेली, हात हलवत परत आली. शिल्लक डीपी नव्हती, आपल्या आधी कितीतरी गावं होती. उन्हाळा ऐन भरात. काही जणांनी भाड्यानं डिझेल इंजिनं आणली, पण ती मिळवायलाच रांग. भावानं आमच्या विहिरीवर एकदा आणलं, आणि ते पाणी काकीलाच दिलं. एका पाळीनं काय होतं? आम्ही बायका आबांच्या घरच्या आडातून घागरी वाहत होतो. मी, आई, आबांची सून. एकेका वेलीच्या बुडाशी तांब्या तांब्या ओतायचं. वेली खालून वर वाळत गेल्या. पान गळताना आवाज होतो, हे मला त्या दिवसांत कळलं. काकी रडली नाही. वाळलेली पानं गोळा करून ती ताटीबाहेर नेऊन टाकायची आणि पुन्हा अनवाणी आत यायची.

मग निवडणूक आली आणि डीपी मिळाली.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. विहिरीवरची रीत घालणारी माणसं समोरासमोर बसली होती. कोयता उगारणारा आणि बोटं गेलेला, दोघंही तिथं होते. ते भांडले, पण एकमेकांशी भांडले आणि एकमेकांना बांधले गेले. डीपी जळाल्यावर मात्र आम्ही एकमेकांकडे बघितलंच नाही. सगळे ऑटो एकदम लागतात, आपण आळीपाळीनं लावू, असं कुणी म्हणालं नाही. सगळे तोंड वर करून मोठी डीपी मागत राहिले. आणि पुढाऱ्याला तर मोठी डीपी देणं केव्हाही सोपं. ती ट्रॉलीत घालून आणता येते, तिला हार घालता येतो, तिच्याशेजारी उभं राहून भाषण करता येतं. जमिनीतलं पाणी कुठं गेलं, हे त्याला कुणी विचारत नाही. राजकारण म्हणजे आपल्याला काय मिळणार एवढंच असं आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते आम्ही आपोआप शिकलो, मोटर आपोआप लागावी तसं.

डीपी बसवायच्या दिवशी गावात मांडव घातला होता. उमेदवार येणार होते. सकाळी भाऊ काकीच्या दारात गेला. मी तिथंच होते. तो घाईत होता, नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "काकी, पूजेला विड्याची पानं दे की. चांगली बघून दे."

काकी चुलीपुढं बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग पानमळ्याकडं बघितलं.

भावाच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. तो उंबऱ्यावरच खाली बसला. त्यानं तोंडावर हात धरला आणि म्हणाला, "काकी, चुकलो गं."

"तुझं कशानं चुकलं, लेकरा?" ती म्हणाली. "जा, उशीर हुईल. बाजारातनं घे पानं."

पूजेला पानं बाजारातून आली, दुसऱ्या कुठल्यातरी गावची. मांडवात तात्यांना वडीलधारे म्हणून पुढे केलं आणि त्यांच्या हातून नारळ फोडवला. उमेदवार बोलले. मग वायरमननं खांबावर चढून लाईट सोडली. टाळ्या वाजायच्या आधीच चारी दिशांना मोटरींची घरघर सुरू झाली. एकानंही आपला ऑटो काढला नव्हता. आमचाही काढून ठेवलेला ऑटो भावानं मधल्या काळात, आता लाईट कुठली यायला म्हणून, तपासण्यासाठी पुन्हा जोडला होता आणि तसाच राहिला होता. सगळे मळ्यांकडे वळून हसत बघायला लागले. उमेदवारांनीही हात उंचावला. डीपी मोठी होती, जळाली नाही. मला तिथं थांबवेना. मी घराकडे निघाले.

बांधावरून येताना पाटाचा आवाज ऐकला. मग आठवलं. डीपी जळाली त्या दिवशी तात्यांनी आमचं दार बुजवून हाळी दिली होती, काकीनं आपलं दार मोडलं होतं, आणि ते तेव्हापासून तसंच उघडं होतं. तिची पाळी अर्ध्यात थांबली होती. त्यामुळे आता पाणी तिच्याकडे चाललं होतं. पाट तुडुंब भरून त्या वाळलेल्या शेवऱ्यांच्या आणि काळ्या पडलेल्या वेलींच्या बुडात शिरत होता. जमीन भेगाळली होती. पाणी त्यात जात होतं आणि बुडबुडे येत होते.

काकी पानमळ्यात उभी होती. ती बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली. मग बाहेर आली आणि खोऱ्यानं आपलं दार बुजवायला लागली. नीट, ओली माती थापून थापून. पाळी अजून कितीतरी उरली होती. दार बुजवून ती बांधावर चढली, तोंड आमच्या घराकडे केलं, पदर सारखा केला आणि हाळी दिली.

"पाणी सोडलंऽऽ!"

घरात कुणी नव्हतं. तात्या मांडवात होते, गळ्यात हार घालून. आईही तिकडंच. जबाब आला नाही. पाणी हौदाशी तुंबून पाटाच्या काठावरून सांडायला लागलं. काकी हलली नाही. रीत होती, जबाब आल्याशिवाय हलायचं नाही. मी उसाच्या आडोशाला होते, तिला दिसत नव्हते. माझ्या मनात आलं, मी गप्प राहिले तर हे पाणी अजून तिचंच आहे. कुणी धरलंच नाही, तर तिनं सोडलं असं होणार नाही. तिनं पुन्हा हाळी दिली. मी गप्प राहिले.

आमची पोरं निबंधात लिहायची, वापर आपण कसा करतो यावर अवलंबून आहे. मला त्यांना विचारायचं होतं, यातले आपण म्हणजे कोण? बांधाच्या या बाजूचे की त्या बाजूचे? पूर्वी दोन्ही बाजूंच्या माणसांना मिळून एक आपण होता. तो दर चार दिवसांनी हाळी देऊन पुन्हा जोडावा लागायचा, म्हणून तो टिकला होता. यंत्रानं काही त्याला मारलं नाही. यंत्रानं फक्त त्याची गरज संपवली, आणि आम्ही खूश झालो.

तिसऱ्या हाळीला तिचा आवाज चिरकला. ऊन तिच्या डोक्यावर होतं. संध्याकाळपर्यंत, तात्या येईपर्यंत ती तशीच उभी राहिली असती, याबद्दल मला शंका नव्हती.

"धरलंऽऽ!" मी ओरडले.

तिनं आवाजाच्या दिशेनं बघितलं नाही. खोरं खांद्यावर टाकलं, मागं वळून पानमळ्यात गेली आणि त्याच्या मधूनच पलीकडे आपल्या घराकडे चालू लागली. तिच्या पायांत चपला होत्या.